वरची भिंत कापू नका

संपादक महोदय,

इटालियन चित्रकार कॅरावॅज्जोचे ‘सेंट मॅथ्यूला पाचारण’ (१५९९-१६००) हे चित्र (ख्रिस्त करवसुली करणाऱ्या मॅथ्यूला बोलावतो तो प्रसंग) छापताना वरची रिकामी भिंत कापली जाते. तिथूनच तर उजेडाची तिरीप उतरते! चित्रातली खिडकी मळकट, तिच्यातून काहीच येत नाही. प्रकाश येतो उजवीकडून, ख्रिस्ताच्या डोक्यावरून. रोममधल्या ज्या चॅपलमध्ये, म्हणजे चर्चमधल्या छोट्या प्रार्थनागृहात, हे चित्र आहे, तिथली खरी खिडकीही त्याच बाजूला. ख्रिस्त स्वतः अंधारात, दिसतो अर्धा चेहरा आणि हात. डाव्या टोकाचा पोरगा मात्र मान खाली घालून नाणीच मोजतोय.

वर्तमानपत्राचा कागद शाई शोषतो, छपाईचे ठिपके पसरतात, सावल्या एकजीव होतात. म्हणून सरसकट उजळवू नका. फक्त उजेड आणि सावलीच्या मधल्या छटा थोड्या उजळा.

– चित्रकलेचे दोन शिक्षक, गिरगाव, मुंबई