आई-बाबांना, मिलानहून

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र तू मोठ्याने वाच. बाबांनी डोळ्यांना ताण द्यायचा नाही. आणि मधलं काही गाळायचंही नाही.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते, उगीच जीव टांगणीला नको. मी इथल्या नोकरीच्या कागदांवर सही केली. बायकांचे कोट शिवणारा छोटा कारखाना आहे, तिथे बेतण्याच्या टेबलावर मला कायमची जागा मिळाली आहे. उन्हाळ्यात परत येऊन बाबांचं शिंपीकामाचं दुकान हातात घ्यायचं असं आपलं ठरलं होतं, ते आता होणार नाही. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर बाबा नुसतं ‘बरं’ म्हणतात आणि फोन तुझ्याकडे देतात. मग त्यांच्या मनात काय आहे ते मला रात्रभर कळत नाही. म्हणून लिहायला बसले.

बाबा, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये इथले मोठे फॅशन डिझायनर अर्मानी गेले तेव्हा टीव्हीवर बघून तुम्ही मला विचारलं होतंत, “हा माणूस स्वतः शिवायचा का गं?” मी तेव्हा घाईत काहीतरी उत्तर दिलं. आज सावकाश सांगते. मला माझ्याबद्दल जे सांगायचंय, ते त्यातूनच सांगणं सोपं जाईल.

जॉर्जिओ अर्मानी ११ जुलै १९३४ ला पिआचेंझात जन्मले. मिलानपासून फार लांब नाही, पो नदीच्या काठचं गाव. वडील एका वाहतूक कंपनीत हिशेब लिहायचे. घरात तीन मुलं, बाहेर युद्ध, डोक्यावर बाँब. लहानपणी स्फोटाच्या दारूशी खेळताना ते भाजले होते आणि बरेच दिवस दवाखान्यात होते. आणि आई, ऐक, मुलांचे कपडे त्यांची आई घरीच शिवायची. आम्ही गरीब होतो पण दिसायचो श्रीमंत, असं ते म्हातारपणीही अभिमानाने सांगायचे. मला लगेच तू आठवलीस. सूटिंगच्या उरलेल्या तुकड्यांचा राखाडी फ्रॉक, त्याला लाल पायपिंग. शाळेत बाईंनी विचारलं होतं, मुंबईहून आणलास का? मी ‘हो’ म्हणाले नाही, ‘आईने शिवला’ असंच म्हणाले. तुला तेव्हा सांगायचं राहून गेलं.

पुढे ते मिलानला डॉक्टर व्हायला आले. काही वर्षं शिकले आणि सोडून दिलं. सैन्याची सक्तीची नोकरी होती, त्यात थोडं वैद्यकीय शिक्षण झालेलं म्हणून वेरोनाच्या लष्करी इस्पितळात काम दिलं. तिथून सुटल्यावर १९५७ मध्ये ते ‘ला रिनाशेन्ते’ नावाच्या मोठ्या दुकानात लागले. मिलानच्या मुख्य चर्चसमोर ते दुकान अजून आहे. डॉक्टर होणारा मुलगा काचेच्या खिडकीत कपडे मांडायला लागला. त्या घरात तेव्हा काय झालं असेल, ते आपल्या तिघांना कुणी समजावून सांगायला नको. आपलं ते वर्ष मी उकरून काढत नाही. एवढंच सांगते की त्या वर्षी तुम्ही मला काही बोलला नाहीत, दुकानाची किल्ली तेवढी हातात दिलीत. त्या किल्लीमुळे मी आज इथे आहे.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, ते शिंपी नव्हते. शिंपीकाम रीतसर शिकले नव्हते. पण दुकानात उभं राहून गिऱ्हाईक कापडाला हात कसा लावतं, आरशासमोर कुठे अवघडतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं. मग १९६० च्या दशकात नीनो चेरुती यांच्याकडे पुरुषांचे कपडे करायला लागले. चेरुतींची लोकरीच्या कापडाची गिरणी होती बिएल्ला गावात, १८८१ पासूनची. बिएल्ला म्हणजे लोकरीतली आपली इचलकरंजी समजा. तिथे कापड कुठून येतं, पाण्यात काय करतं, इस्त्रीखाली काय करतं, ते त्यांना कळलं.

आणि मग त्यांनी कोट उघडला. बाबा, तुम्ही मला पहिल्यांदा शिकवलंत ते हे की कोट उभा राहतो तो आतल्या मालावर. बकरम, कॅनव्हास, खांद्याचा पॅड, अस्तर. लग्नाच्या सूटची छाती तुम्ही कच्च्या दोऱ्याने बांधायचात तेव्हा मी शेजारी बसून दोरे कापायचे. अर्मानींनी हाच माल काढून टाकला. जो राहिला तो अगदी हलका. खांदा उतरता ठेवला, कॉलरची पट्टी खाली आणली, बटणं खाली सरकवली, आणि पुरुषांच्या कोटाला ताठ सूटिंगऐवजी अंगावर पडणारं मऊ कापड घेतलं. रंग राखाडीही नाही, मातकटही नाही, दोन्हीच्या मधला. नेपल्सचे शिंपी असे हलके कोट आधीपासून शिवत होते, ते श्रेय त्यांचंच. पण कारखान्यात तयार होणारा कोट असा मऊ करणं हे खरं अवघड काम. आतला आधार काढला की सगळा भार बेतण्यावर येतो. बाहीचा मुंढा जरा चुकला तर लपवायला काही उरत नाही. अशा एका जुन्या कोटाची शिवण मी वर्गात उसवून पाहिली आहे. त्या दिवशी तुम्ही बाजूला असायला हवे होतात. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून काय म्हणाला असतात, ते मला ऐकू येत होतं.

कंपनी त्यांनी सुरू केली १९७५ च्या जुलैमध्ये, सेर्जिओ गालेओत्ती या जोडीदाराबरोबर. पैशांसाठी फोक्सवागनची गाडी विकली. तेव्हा वय एक्केचाळीस. नातेवाइकांत कुणी म्हणालं की या वयात पोरीने नव्या देशात काय नवं सुरू करायचं, तर हा आकडा सांगा. १९८० मध्ये हॉलिवूडच्या एका चित्रपटात रिचर्ड गेअरने त्यांचे कपडे घातले, १९८२ मध्ये ते ‘टाइम’ मासिकाच्या मुखपृष्ठावर आले. ते सगळं तुम्हाला टीव्हीने सांगितलंच असेल. मला जास्त लागतं ते १९८५. गालेओत्ती अवघ्या चाळिशीत गेले. पैशांचा, करारांचा, माणसांचा सगळा व्यवहार तेच बघायचे. लोकांना वाटलं, आता हे बंद पडणार. अर्मानी हिशेबाचे कागद स्वतः शिकले आणि पुढची चाळीस वर्षं कंपनी स्वतःच्या हातात ठेवली.

दादाने कारखान्यांची बातमी दाखवून तुम्हाला घाबरवलंय, हे मला माहीत आहे. बातमी खरी आहे. एप्रिल २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयाने अर्मानींच्या उत्पादन करणाऱ्या कंपनीवर देखरेख बसवली. बाहेर दिलेलं काम पुढे आणखी कुणाकडे जात होतं आणि तिथे कामगारांचे हाल होत होते, त्यावर कंपनीने नीट लक्ष ठेवलं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती देखरेख उठली. मला ही गोष्ट झाकून ठेवायची नाही. ज्या माणसाचं एवढं कौतुक करते त्याच्या नावाचे कपडे कुणाच्या तरी अशा हालांतून आले असतील, याचं मला वाईट वाटतं. आणि म्हणूनच मी नोकरी घेताना सगळं विचारून घेतलं. माझ्या कारखान्यात काम बाहेर जात नाही. वेळ ठरलेली, पगार बँकेत, आजारपणाची रजा, खिडक्या मोठ्या, टेबल माझ्या उंचीचं. टेबलांवरच्या बायका तुझ्या वयाच्या आहेत, आई. मी डबा उघडला की आधी वास घेतात, मग चमचा घेऊन येतात.

खायचं-प्यायचं ठीक आहे. तूरडाळ, तांदूळ, हिंग, कोथिंबीर सगळं मिळतं, बांगलादेशी दुकानं जवळ आहेत. तू दिलेली भाजणी डब्यात घट्ट बंद आहे, रविवारी थालीपीठ लावते. मेतकूट संपलं, पण त्यासाठी कुणाला त्रास देऊ नकोस, येणारं कुणी असेल तरच. खोली उबदार आहे, भिंतीला गरम पाण्याचा हीटर आहे. पायात मोजे घालते. दोन घालते. तापात तू कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवून ‘झोप गं माझी बाय’ म्हणायचीस, ते अजून आठवतं आणि मग खरंच झोप लागते. रडत नाही. आता लिहिताना थोडी रडले, पण ते वेगळं.

बाबा, आता तुमच्याशी. अर्मानी गेले ते ४ सप्टेंबरला, एक्क्याण्णवाव्या वर्षी. जूनच्या शोला ते पहिल्यांदाच येऊ शकले नव्हते, तरी घरून प्रत्येक कपडा बघत होते म्हणे. दोन दिवस दर्शनाला ठेवलं होतं, मी कारखान्यातल्या बायकांबरोबर रांगेत उभी होते. नंतर त्यांना पिआचेंझाजवळ रिवाल्ताला नेलं, आई-वडिलांच्या शेजारी. महिनाअखेरीस ब्रेरा राजवाड्याच्या चौकात त्यांनी तयार करून ठेवलेले शेवटचे कपडे दाखवले. टीव्हीवरचं हे बघून तुम्ही आईला म्हणालात, “बघ, शेवटपर्यंत काम करत होता.” मी ऐकलं ते. पण दुसरा अर्धा भाग कुणी सांगितला नाही. २०१६ मध्येच त्यांनी एक प्रतिष्ठान स्थापन केलं होतं. आपल्यामागे कंपनी कुणी चालवायची, कुणाला किती अधिकार, हिस्सा कसा विकायचा, सगळं लिहून ठेवलं होतं. सोबतीला माणसं तयार केली होती. तुम्ही तर अजून कातरीसुद्धा कुणाच्या हातात देत नाही.

म्हणून आता मी सांगते तसं करायचं. दुकान बंद करा असं मी म्हणणार नाही, कधीच म्हणणार नाही. पण बेतायचं काम दुकानातल्या मुलाकडे द्या. चांगला आहे तो, तुमच्या हाताखाली तयार झालाय. तुम्ही खुर्चीत बसून खडूची रेघ तपासा. पायाची मशीन आता नको, मोटार बसवून घ्या, पैसे मी या महिन्यात पाठवते आणि त्यावर वाद नको. मोतीबिंदूची तारीख आता पुढे ढकलायची नाही. लग्नसराई दरवर्षी येते, डोळ्यांची एकच जोडी आहे. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी या आठवड्यात. रिपोर्टचा फोटो आईने काढायचा, तुम्ही नाही, तुम्ही आकडा झाकून पाठवता. अनवाणी दुकानात फिरायचं नाही, खाली टाचण्या पडलेल्या असतात आणि तुमच्या पायाला आता लागलेलं कळत नाही.

आई, गुडघ्याचे व्यायाम झोपून करायचे, देवासमोर बसून नाही. पिण्याचं पाणी वर चढवायला माणूस ठेव. आणि बाबा गप्प बसले तर बसू दे, पण चहाबरोबर बिस्किटं वाढवू नकोस.

गणपतीत येते. नक्की. रजा आत्ताच लिहून दिली आहे.

एक काम आहे तुमच्यासाठी, बाबा. नोकरीत लागलेल्या प्रत्येकाला वर्षाखेरीस उरलेल्या कापडातून एक कोट स्वतः शिवता येतो. मी तुमच्यासाठी शिवणार आहे, राखाडी लोकरीचा, आत बकरम नाही, खांद्यात पॅड नाही. आईकडून मापं घ्या आणि पाठवा: छाती, खांदा, बाहीची लांबी, पाठ. टेप सैल धरून घ्यायची, तुम्ही पोट आत ओढून उभे राहता. उजवा खांदा जरा खाली आहे तो मी धरते, ते मला पाठ आहे.

तुमची,
धाकटी