संश्लेषक भागाकारातलं शून्य

संपादक महोदय,

नववीच्या बहुपदी धड्यातला संश्लेषक भागाकार, म्हणजे नुसते आकडे मांडून बहुपदी भागायची झटपट रीत, मुलं पटकन शिकतात, पण तो का चालतो हे क्लासमध्ये कुणी सांगतच नाही, याचं फार वाईट वाटतं. क्ष घन वजा ७क्ष अधिक ६ ला क्ष वजा २ ने भागायचंय तर सहगुणक, म्हणजे प्रत्येक पदातले क्षच्या आधीचे आकडे, १, ०, -७, ६ असे मांडायचे, ते क्ष वर्गाचं शून्य लिहायचं राहिलं की अख्खं गणित बोंबललं. १ खाली उतरवा, २ ने गुणून पुढच्यात मिळवत चला, येतं १, २, -३, म्हणजे भागाकार क्ष वर्ग अधिक २क्ष वजा ३, आणि बाकी ०. आता क्षच्या जागी २ ठेवा, ८ वजा १४ अधिक ६, तेही शून्यच! शिक्षकांनी हे दोन्ही फळ्यावर शेजारीशेजारी दाखवावं ना, भागून उरलेली बाकी आणि क्षच्या जागी तो आकडा ठेवून येणारी किंमत एकच, हे सांगणारा शेष सिद्धांत वेगळा पाठ करायची गरजच काय?

- एक पालक