सर, माझा गंधार खरा होता

आदरणीय सर,

सादर नमस्कार. हे पत्र तुमच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं, पण आमच्या गावानंही ते वाचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

शाळेत एका शिक्षकांनी मला सगळ्या वर्गादेखत ‘बेसूर’ म्हटलं होतं. पेटीचा गंधार, म्हणजे सारेगम मधला ग, आणि माझा गंधार जुळायचा नाही. तुकडोजी महाराजांची मोझरी जवळ, त्यामुळे आमच्याकडे खंजिरी भजन घरोघरी. तिथंही मी मागं बसून टाळ धरायचे, तोंड उघडत नसे.

मग तुम्ही आलात. आयुष्यभर ऑर्केस्ट्रात चेलो, म्हणजे व्हायोलिनसारखं पण बसून वाजवायचं मोठं वाद्य, वाजवलेले, संगीतशास्त्राचे प्राध्यापक, आणि उन्हाळाभर वडिलांच्या जुन्या घरी मुक्काम! वैशाखाच्या कोरड्या हवेनं चेलोचं लाकूड तडकू नये म्हणून खोलीत ओल्या चादरी टांगायचात. तुमच्या डाव्या अंगठ्याच्या कडेचा घट्टा पाहून बाबा म्हणाले, “हे तं कामकऱ्याचे हात हायेत.”

त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर तुम्ही मला सा लावायला सांगितला, मग ग. पेटीवरचा ग ऐकवला. चेलोला पडदे नसतात. बोट केसभर सरकवून तुम्ही दोन्ही गंधार वाजवून दाखवलेत. पेटीत सप्तकाचे १२ सारखे भाग पाडलेले, म्हणून अख्खं सप्तक १२०० सेंटचं धरलं तर तिचा ग ४०० सेंटवर. षड्जात, म्हणजे सा मध्ये, विरघळणारा ग साधारण ३८६ वर, आणि माझा गळा तिथंच जात होता. इतकी वर्षं परदेशात राहूनही तुम्ही वऱ्हाडीत म्हणालात, “चूक तुही नव्हती बाई, पेटीची हाय.”

त्या रात्री मी आणि आई दोघी रडलो.

‘बत्तिसाव्या वर्षी कुठं शिकू?’ म्हटलं, तर तुम्ही थोर चेलोवादक पाब्लो कझाल्सची गोष्ट सांगितलीत. १८९० मध्ये, तेराव्या वर्षी, बार्सिलोनातल्या एका जुन्या दुकानात त्यांना संगीतकार बाखच्या सहा चेलो सुइट्स, म्हणजे चेलोसाठीच्या रचनांचे सहा संच, सापडल्या, आणि लोकांपुढे वाजवण्याआधी त्यांनी बारा वर्षं रियाज केला. मग तुम्ही पहिल्या सुइटचं प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीची रचना, वाजवलंत. सुरुवातीला उघड्या तारेचा तोच खालचा स्वर परत परत येत होता, आणि मला आपसूक षड्ज सापडला.

आता भजनी मंडळात मी पुढं बसते. पोरांना आधी तंबोऱ्यावर सूर लावायला शिकवते, पेटी नंतर.

तुमच्या चेलोची खालची टेकायची सळई ओसरीच्या भुईत रुतली होती ना? पोळ्याला आईनं सगळी ओसरी सारवली, तेवढं भोक सोडून. या उन्हाळ्यात याल तेव्हा खुर्ची तिथंच मांडलेली असेल.

तुमची विद्यार्थिनी