बंदुकीची नक्षी गेली, वर पैसेही गेले

भाच्याने गेममधली एक 'स्किन', म्हणजे बंदुकीवरची नक्षी, ३५०० रुपयांना विकायला काढली. 'आधी वस्तू पाठव, पैसे मध्यस्थाकडे आहेत,' असं गिऱ्हाईक म्हणालं. मध्यस्थ त्याचाच माणूस! पुढे 'रिफंड'साठी क्यूआर कोड पाठवून पिन टाकायला लावला, त्यात आणखी २००० गेले. यूपीआयवर पैसे घेताना पिन लागत नाही, हे बारावीतल्या पोराला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

मोबाइलवरच्या अनेक खेळांत सुटी वस्तू विकताच येत नाही, म्हणून पोरं अख्खं खातं विकत घेतात. मूळ मालक पुढे 'पासवर्ड विसरलो' म्हणत तेच खातं परत मिळवतो आणि दुसऱ्याला विकतो. संगणकावर 'स्टीम'सारख्या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात अदलाबदलीची अधिकृत सोय आहे, पण तिथेही हुबेहूब लॉगिन पानाची लिंक पाठवून खातं लुबाडतात. पत्ता स्वतः टाइप करावा, आलेल्या लिंकवरून जाऊ नये.

फसवणूक झाल्यावर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन केला, तर पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. आमचे दोन दिवस लाजेत गेले. भाच्याने रागाच्या भरात सगळं चॅटही पुसून टाकलं होतं.

– एक मामा, नाशिक