एंटरवरचं आपलं भांडण

दादर, मुंबई
रविवार

प्रिय बंड्या,

चार महिने पत्र नाही, फोन नाही. चुकलंच. तब्येत बरी, गुडघा तसाच.

एका रकान्यातून पुढच्यात जायला एंटर हवा की टॅब, या आपल्या भांडणात एंटर म्हणणारा तू बरोबर होतास. रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीचा स्क्रीन आम्ही 'सोपा' केला. एका पानाचे पाच टप्पे, प्रत्येकाला 'पुढे' बटण. डॉक्टरांना आवडला. पण खिडकीवरच्या बाई कीबोर्डकडे न बघता टाइप करतात: नाव, एंटर, वय, एंटर. आता एंटर दाबला की अर्धाच भरलेला टप्पा पुढे सरकतो, आणि मागे यायला हात माऊसकडे जातो. रांग जिन्यापर्यंत. त्यांना दाटच स्क्रीन हवा रे, एका पानावर, रकाने कायम ठरल्या जागीच. डॉक्टरांना त्याच माहितीतलं मोजकं. डेटा एक, स्क्रीन दोन.

जन्मतारखेला कॅलेंडर दिलंय. आजींना वय अंदाजेच ठाऊक, १९५० पर्यंत कोण मागे जाणार? सरळ '७५' लिहू द्यावं, सोबत 'अंदाजे' अशी खूण साठवावी. नाहीतर सगळे १ जानेवारीलाच जन्मतात. चौधरी इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहितात, म्हणून एकाच माणसाचे दोन केसपेपर निघतात. शोध मोबाइल नंबरवरून घ्यावा, पण घरात फोन एकच असतो, तेव्हा त्या नंबरची सगळी नावं वयांसकट दिसायला हवीत.

सगळ्यात छळते ती एक चौकट. 'केसपेपर रद्द करायचा?' आणि खाली 'ठीक', 'रद्द करा'. 'रद्द करा' दाबलं की केसपेपर रद्द होतच नाही, नुसती चौकट मिटते! इंग्रजी बटणाचं शब्दाला शब्द भाषांतर. 'हा केसपेपर रद्द करा' आणि 'राहू द्या' लिहिलं असतं तर? शिवाय ओळीची उंची इंग्रजीच्या मापाची, त्यामुळे रफार आणि उकार कापले जातात. लॅबचे आकडे नुसते लाल-हिरवे, रंगांधळ्याला दोन्ही सारखेच. बाजूला वर-खाली बाण हवेतच.

स्क्रीन वापरायला सोपा आहे का याची पाच जणांवर चाचणी पुरते, हे त्या विषयातल्या तज्ज्ञ जेकब नील्सनचं २००० सालचं म्हणणं एका प्रकारच्या वापरकर्त्यांपुरतं. आम्ही पाचही डॉक्टरच बसवले. खिडकी, वॉर्ड, हिशेब, प्रत्येकातले वेगळे बसवायला हवे होते.

वहिनींची बदली झाली का? धाकट्याला क्लास लावलास? कळव.

बुधवारी सकाळी आठला खिडकी उघडते. ठाण्याहून लवकरची लोकल पकड. बाईंच्या मागे उभं राहून एंटर किती वेळा दाबतात ते मोजू.

तुझा,
अण्णा