सेवाभाव प्राध्यापकांपासून सुरू व्हावा

महोदय,
डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते यांनी एकत्र शिकावे, असा आग्रह जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये धरला. असे एकत्र शिक्षण देण्यासाठी प्राध्यापकांना जे प्रशिक्षण द्यावे लागते, त्यात ख्रिस्ती आरोग्यविज्ञान महाविद्यालयांनी श्रद्धेलाही जागा द्यावी. सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका, मग वैद्यकीय समाजसेविका, नंतर डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस (मरणासन्न रुग्णांचे सेवाकेंद्र) सुरू करणाऱ्या या श्रद्धावान ख्रिस्ती बाईंनी वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिकही असते, हे ठासून सांगितले. शिष्यांचे पाय धुणाऱ्या येशूला मानणाऱ्या प्राध्यापकाने परिचारिकेचे मत डॉक्टरांच्या मताइतकेच गांभीर्याने ऐकायला हवे. विद्यार्थी तेच पाहून शिकतात. मात्र रुग्णावर किंवा अन्यधर्मीय सहकाऱ्यावर श्रद्धा लादणे मुळीच मान्य नाही. प्रार्थना रुग्णाने मागितली तरच.

– एक वाचक