आईच्या मागं उभ्या असलेल्या जवानांची नावं पण छापा

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही दुसऱ्या महायुद्धातला एक फोटो छापलात, मधे खुर्चीवर नऊवारीतली आई आणि मागं गणवेशातली तिची मुलं. फोटो बघून खूप भरून आलं, पण खाली फक्त "वीरमाता आणि तिचे सुपुत्र" एवढंच होतं, नाव नाही, गाव नाही, पलटण नाही. त्यावरच लिहितोय, जरा मोठं झालं तरी शक्य असल्यास पूर्ण छापा.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. आमच्या भागात असा फोटो नाही असं जुनं घर शोधावं लागेल. रजेवर आलेली पोरं परत निघायच्या आधी आईला घेऊन तालुक्याला जायची, स्टुडिओत मागं महालाचं चित्र असलेला पडदा, आणि आई आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर. आमच्या पणजीचा पण असाच फोटो आहे. दोन्ही हाताच्या मुठी गुडघ्यावर, पाय अनवाणी, कपाळावरचं कुंकू फोटोत काळं आलंय, आणि ती कॅमेऱ्याकडं नाही तर थोडी बाजूला बघतेय, तिथं कोण उभं होतं कुणास ठाऊक. मागं तिघं भाऊ, खाकी हाफ पँट, पायाला पट्ट्या. एक जण उत्तर आफ्रिकेत तोब्रुकला जून १९४२ मधे पकडला गेला, युद्ध संपल्यावर घरी आला. एक सुखरूप पेन्शनीत आला. आणि एक इटलीत कामी आला.

आता सांगतो मी हे का लिहितोय ते. या तिघांपैकी इटलीत गेलेला कोणता हे आज आमच्या घरात कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही. आत्या म्हणते डावीकडचा, तिला तिच्या आजीनं बोट ठेवून दाखवलेलं. चुलते म्हणतात मधला, कारण मधल्याच्या दंडावर एक फीत दिसते म्हणजे तो लान्सनायक, आणि गेलेला भाऊ कागदोपत्री नायक आहे, लान्सनायकाच्या एक पायरी वर, म्हणजे बढती त्यालाच मिळाली असणार. पण फोटो काढल्यावर चार वर्षांत बाकीच्यांना पण फीत मिळू शकते ना. फोटोच्या मागं कुणी दोन ओळी लिहिल्या असत्या तर हा प्रश्नच आला नसता. ज्या पोरासाठी पणजी मरेपर्यंत झुरली त्याचा चेहरा समोर आहे आणि तरी आपल्याला माहीत नाही, हे मला फार लागतं.

गावोगावी पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत, चावडीवर नाहीतर शाळेच्या भिंतीत. त्यावर काय असतं तर या गावातून अमुक इतके लोक १९१४-१९ च्या महायुद्धात गेले आणि त्यातले इतके मेले. बास, नुसता आकडा. आमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावाचे ४६ जण त्या युद्धात कामी आले, गावाच्या नावातच मिलिटरी आलं, हे सगळ्यांना पाठ आहे, पण त्या ४६ आयांबद्दल कुठं काय वाचायला मिळतं सांगा. यशवंत घाडगे, नामदेव जाधव यांना दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला, घाडग्यांना तर १९४४ साली मरणोत्तर, माणगावला त्यांचा पुतळा आहे, ते योग्यच आहे. पण त्याच मराठा पलटणीत त्यांच्या शेजारच्या खंदकात जे होते त्यांचा पुतळा होणार नाही, त्यांचा असला तर एवढा एक फोटोच आहे.

काही लोक म्हणतात हे इंग्रजांचे भाडोत्री, त्यांचं काय कौतुक. मला हे पटत नाही. दुष्काळी भागातली कोरडवाहू जमीन, घरात खाणारी तोंडं दहा, महिन्याची मनीऑर्डर आली की वाण्याची उधारी फिटायची, पणजीनं पोरं पाठवली ती यासाठी, इंग्रजासाठी नाही. तिच्याबद्दल बोलायचं तर आधी तिच्या घरातलं पीठ बघा मग बोला.

तर माझी विनंती वाचकांना पण आहे. घरातले म्हातारे आहेत तोवर हे फोटो त्यांच्या समोर ठेवा आणि कोण कुठला ते लिहून घ्या. लिहिताना बॉलपेन वापरू नका, दाबून लिहिलं की पुढं उठतं आणि शाई उतरते, मऊ पेन्सिलीनं मागं कडेला लिहा. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, आमच्या फोटोचा एक कोपरा तसाच गेलाय, काचेसकट स्कॅन करा किंवा उजेडात तिरका धरून मोबाईलवर काढा. जवान युद्धात गेलेला असेल तर मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (दोन्ही महायुद्धांत मेलेल्या जवानांच्या नोंदी ठेवणारी संस्था) साईटवर नाव शोधा, फुकट आहे. आडनाव तिथं इंग्रजी स्पेलिंगमधे वाट्टेल तसं लिहिलेलं असतं, दोनचार तऱ्हेनं टाकून बघायचं, गाव आणि जिल्ह्यावरून ओळखू येतं. आमचा माणूस तसाच सापडला, इटलीतल्या फोर्ली शहरात जिथं आपल्या जवानांना अग्नी दिला तिथल्या स्मारकावर त्याचं नाव आहे, आणि नोंदीत वडिलांबरोबर पणजीचं पण नाव आहे. सरकारी कागदावर तिचं नाव मी तिथंच पहिल्यांदा पाहिलं, सातबाऱ्यावर कधी नव्हतं.

आणि तुम्हाला विनंती अशी की रविवारच्या पुरवणीत एक कोपरा या फोटोंना द्या. दर आठवड्याला एकच छापा चालेल, पण आधी घरच्यांना फोन करून खुर्चीवर बसलेली कोण, डावीकडून पहिला कोण, कुठल्या पलटणीत होता, परत आला का, एवढं विचारून मगच छापा. नावं माहीत नसतील तर तसं स्पष्ट लिहा आणि वाचकांना विचारा, कुणीतरी गाववाला ओळखेल. गेल्या रविवारचा फोटो पण याच पद्धतीनं परत छापता आला तर बघा.

आपला,
एक नियमित वाचक, जि. सातारा